‘-मुळे’ कधी लिहावं? सहसंबंध, कार्यकारणभाव आणि काकतालीय

प्रश्न असा आहे: ‘अक्रोड खाल्ल्याने हृदयविकार टळतो’ आणि ‘अक्रोड खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळतो’ या वाक्यांत फरक आहे का? आणि दुसऱ्या वाक्यातल्या संबंधाला ‘काकतालीय’ म्हणावं का?

फरक आहे, आणि तो सगळा प्रत्ययात आहे. ‘खाल्ल्याने’तला ‘-ने’ लागला की अक्रोड कारण ठरला. ‘खाणाऱ्यांमध्ये’ नुसती माणसं दाखवतं. ती माणसं आणखी काय करतात, म्हणजे रोज फिरायला जातात का, दरवर्षी तपासण्या करून घेतात का, भाव न विचारता पाव किलो अक्रोड घेण्याइतकी सुखवस्तू आहेत का, यावर ते वाक्य गप्प आहे. नुसत्या निरीक्षणातून एवढंच हाती लागतं. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘सहसंबंध’ म्हणतात. ‘-ने’ आणि ‘-मुळे’ हा कार्यकारणभावाचा प्रांत.

‘काकतालीय’ मात्र नको. कावळा बसायला आणि फांदी मोडायला (संस्कृतात ताडाचं फळ पडायला) एकच गाठ पडली, हा एकदाच जुळून आलेला योग. सहसंबंध हजारो माणसांत पुन्हा पुन्हा दिसतो. तो खराच असतो, पण त्याचं मूळ भलतीकडे असू शकतं. ‘बादरायण संबंध’ही चालणार नाही, तो तर ओढूनताणून जोडलेला. त्या ‘भलतीकडच्या मुळा’ला जवळचा शब्द न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, सापडतो: उपाधी. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हा नियम चुकतो, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ते सरपण म्हणजे उपाधी. (आज उपाधी म्हटलं की पदवीच आठवते, त्यामुळे हा अर्थ पुन्हा रुळेल असं मला वाटत नाही.)

या फरकाने काय बिघडतं, ते फिनलंडमध्ये दिसलं. गाजर, पालेभाज्या यांतून बीटा कॅरोटिन (शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य) भरपूर मिळणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसत होतं. तेव्हा ५० ते ६९ वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, गटांत वाटणी केली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन दिलं, काहींना दिलं नाही. १९९४ मध्ये निकाल लागला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेत असाच एक प्रयोग चालू होता, त्यातही उलटंच दिसू लागलं आणि १९९६ मध्ये तो मुदतीआधी थांबवला. आधीच्या अभ्यासांतली आकडेवारी खोटी नव्हती. भाज्या खाणाऱ्यांचं बाकी राहणीमानही वेगळं असतं, आणि भाजीत एकटं बीटा कॅरोटिन नसतं. ‘खाणाऱ्यांमध्ये’चं ‘खाल्ल्याने’ करून गोळी बनवली, तिथे घसरलं. फिनलंडच्या निकालाला मात्र ‘गोळ्यांमुळे’ लिहायला हरकत नाही, कारण कोणाला गोळी मिळणार हे राहणीमानाने नव्हे, चिठ्ठीने ठरलं होतं.

म्हणून प्रयोगाशिवाय ‘-मुळे’ वर्ज्य, असंही नाही. लोकांना मुद्दाम सिगारेट ओढायला लावून प्रयोग कोण करणार? तरी ‘धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो’ हे वाक्य निर्धास्त लिहावं. १९५० मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून हा संबंध दाखवला. पुढे ब्रिटिश डॉक्टरांची वर्षानुवर्षं पाहणी झाली: जितक्या जास्त सिगारेटी तितका धोका जास्त, सोडल्यावर धोका उतरत जातो, आणि देशोदेशी हेच चित्र. आडवी येईल अशी उपाधी उरली नाही. तो ‘-मुळे’ कमावलेला आहे.

एक चोरवाट मात्र राहते. ‘अक्रोड खाणाऱ्यांचा धोका कमी होतो’ असं लिहिलं, तर ‘-ने’ नसूनही कारण आत शिरतं, कारण ‘होतो’ म्हटलं की काहीतरी घडून बदल झाला असा अर्थ निघतो. तिथे ‘कमी असतो’ किंवा ‘कमी आढळला’ लिहावं. बातमीच्या मथळ्यात दोन अक्षरं वाढतील, वाढू द्यावीत.