फ्रान्सिस्को अल्वारेझला २०२६ साठी कीपर ठेवावं की सोडावं?

फँटसी बेसबॉल, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर आपली कागदी टीम चालवायचा खेळ. तुमची लीग बारा टीमची, प्रत्येकाला दोन कॅचर, खेळाडू घ्यायला २६० डॉलरचं ऑक्शन, आणि मेट्सचा कॅचर अल्वारेझ ११ डॉलरला हातात. कीपर म्हणजे ऑक्शनला न सोडता पुढच्या वर्षासाठी राखलेला खेळाडू. ऑफिसातली मंडळी म्हणतायत की २०२३ चे २५ होमरन हा तुक्का होता, पोरगा ॲव्हरेज (दर ॲट-बॅटमागे हिट) बुडवतो, आणि कॅचर काय, शेवटी एक डॉलरला मिळतोच.

ठेवा.

आता त्या ‘एक डॉलरला मिळतोच’बद्दल. दर मार्चमध्ये हे ऐकून कान किटले. दहा टीम आणि एकच कॅचर असेल तर ते बरोबर आहे. तुमच्याकडे २४ कॅचर लागतात आणि मेजर लीगमध्ये क्लब आहेत ३०. त्यातले कितीतरी क्लब दोन कॅचरमध्ये काम अर्धं-अर्धं वाटतात. शेवटी एक डॉलरला जो उरतो तो आठवड्यात तीन सामने खेळतो, नवव्या नंबरवर येतो आणि वर्षभरात सात-आठ होमरन मारतो. त्याचंही ॲव्हरेज ०.२३० च्या पुढे जात नाही, हे कुणी सांगत नाही.

ॲव्हरेजची भीती एकदा हिशेब करून घालवा. कॅचरला वर्षाला साधारण ४०० ॲट-बॅट (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या संधी) मिळतात. ०.२१० ने ८४ हिट, ०.२५० ने १००. फरक १६ हिटचा. तुमच्या पूर्ण टीमचे ॲट-बॅट ७,००० धरा आणि ॲव्हरेज ०.२६०. त्यातून १६ हिट काढले तर ०.२५८ उरतं. हजारात दोनचा फरक. त्या बदल्यात दहा-बारा होमरन जास्त मिळत असतील तर हा सौदा मी रोज करीन.

ज्यांना अजून पटत नाही त्यांनी सिॲटलचा कॅचर कॅल रॅली याचा २०२२ चा एप्रिल आठवावा. त्याच्याबद्दल आज सगळेच शहाणे झालेत, पण तेव्हा काय चाललं होतं? २०२१ मध्ये ४७ सामने, ०.१८०, दोन होमरन, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) ३५ टक्क्यांच्या आसपास. २०२२ ची सुरुवात २४ ॲट-बॅटमध्ये दोन हिट, म्हणजे ०.०८३. सिॲटलने त्याला खालच्या लीगमध्ये, टॅकोमाला पाठवलं. लीगोलीग लोकांनी ड्रॉप केला, आणि ‘कॅचरवर जीव लावू नये’ असं वर सुनावलं. मग सिॲटलचा दुसरा कॅचर टॉम मर्फी याचा खांदा निखळला आणि मे महिन्याच्या सुरुवातीलाच रॅली परत आला. सिझन संपला तेव्हा २७ होमरन, त्या वर्षी कुठल्याही कॅचरपेक्षा जास्त. ॲव्हरेज? ०.२११. स्ट्राइकआउट मात्र ३० टक्क्यांच्या खाली आले होते, आणि बघायचं होतं ते तेच. ३० सप्टेंबरला ओकलंडविरुद्ध पिंच-हिटर (बदली बॅटर) म्हणून येऊन त्याने होमरनने सामना संपवला आणि सिॲटल २००१ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेलं. नंतर कळलं की अंगठा मोडलेला असताना तो खेळत होता. पुढच्या वर्षी ३० होमरन, मग ३४, आणि २०२५ मध्ये ६०. त्या ६० च्या वर्षीसुद्धा ॲव्हरेज ०.२४७ च होतं. आणि १५९ सामने मिळाले ते कॅचिंग नसलेल्या दिवशी डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळवल्यामुळे.

तेव्हा तरुण कॅचरच्या मे महिन्यातल्या ॲव्हरेजवर निकाल देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांनी वेव्हरवर (सोडलेल्या खेळाडूंच्या यादीत) टाकलेला माल उचलतो. स्ट्राइकआउटचं प्रमाण साठेक वेळा बॅटिंग झाली की काहीतरी सांगू लागतं. ॲव्हरेज पूर्ण सिझन झाला तरी नीट सांगत नाही.

आता अल्वारेझ. २०२३: १२३ सामने, २५ होमरन, ०.२०९, वय २१. २०२४: १०० सामने, ११ होमरन, ०.२३७. २०२५: ७६ सामने, ११ होमरन, ०.२५६. यात बॅटिंग बिघडल्याचं मला दिसत नाही, हात मोडल्याचं दिसतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये डाव्या अंगठ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन. २०२५ च्या मार्चमध्ये डाव्या हाताचं हॅमेट हाड मोडलं, पुन्हा ऑपरेशन. ऑगस्टमध्ये उजव्या अंगठ्याचं लिगामेंट, आणि त्यातून परत येताना डाव्या करंगळीला फ्रॅक्चर.

यातलं हॅमेट महत्त्वाचं. उजव्या बॅटरचा डावा हात बॅटच्या तळाशी असतो आणि बॅटची मूठ नेमकी त्या हाडावर दाबते. हाडाचा तुकडा काढल्यावर खेळाडू दीड-दोन महिन्यांत मैदानात येतो, पण चेंडू पूर्वीसारखा लांब जायला आणखी वेळ लागतो. अल्वारेझचं तसंच झालं. जूनपर्यंत ३५ सामन्यांत तीन होमरन, मग मेट्सने खालच्या लीगमध्ये, सिराक्यूजला पाठवला. जुलैत परतल्यावर ४१ सामन्यांत आठ. तुमच्या ऑफिसातल्यांना हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा. छोटा नमुना आहे, मान्य, पण तुक्का म्हणणाऱ्यांचा नमुना याहून छोटा आहे.

स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये त्याचं ॲव्हरेज बघू नका. चेंडू बॅटवरून ताशी ९५ मैलांच्या वर निघतोय का आणि हवेत, डाव्या बाजूला जातोय का, एवढं बघा. ग्राउंडर (जमिनीवरून जाणारे फटके) वाढले की त्याचा महिना वाया गेला समजा. लाइनअप रोज बदलता येत असेल तर रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना असला की त्याला आधीच बेंचवर घ्या, कारण अशा दिवशी कॅचरला सहसा विश्रांती देतात. आणि बॅकअपचं नाव लक्षात ठेवा. २०२५ मध्ये अल्वारेझ नसताना लुईस टोरेन्स खेळला. दोन कॅचरच्या लीगमध्ये असा माणूस तातडीने उचलावा लागतो. आयएलची (जखमी खेळाडू ठेवायची वेगळी) जागा नसेल तर हे सगळं गणित जरा महाग पडतं.

हो, एक राहिलं. पॉइंट लीग (प्रत्येक कृतीला पॉइंट देणारी) असेल आणि स्ट्राइकआउटचे पॉइंट वजा होत असतील, तर वरचा अर्धा भाग सोडून द्या. तिथे असा बॅटर खरंच नुकसान करतो. आणि प्रत्येक जण रॅली होत नाही. कॅचर माइक झुनिनो २०१२ च्या ड्राफ्टमधला तिसरा पिक. २०१४ मध्ये २२ होमरन आणि ०.१९९, पुढच्या वर्षी ०.१७४. पुढे त्याने ३३ होमरनचं वर्षही दिलं, पण ते २०२१ मध्ये, टँपा बेला. तोवर कुणी कीपर म्हणून सांभाळलं असेल तर त्याला साष्टांग नमस्कार. म्हणून ११ ला ठेवा, १५ च्या वर गेला असता तर ऑक्शनला सोडा म्हटलं असतं.

मार्चमध्ये तुक्का म्हणणाऱ्यांपैकीच कुणीतरी अल्वारेझसाठी ट्रेड पाठवेल. पिचर देऊ करत असेल तर उत्तरही देऊ नका.