ओलान्झापिन डोक्याची गोळी आहे ना, मग भावाची भूक आणि झोप का वाढली?

परळला मेडिकलच्या काउंटरवर अकरा वर्षं उभा आहे आणि घरात मावशी याच गोळ्यांवर, त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्याच घरातला वाटला. भाऊ रात्री उठून डबे उघडतो, सकाळी दहाला हलवून उठवावा लागतो असं लिहिलंय तुम्ही. तो आळशी झालेला नाही, आधी हे घरच्यांना सांगा.

या गोळ्यांचं मेन काम म्हणजे डोपामिन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा डी-टू रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा, अडवायचा, त्यानेच नसलेले आवाज ऐकू येणं, संशय कमी होतो. पण हा रिसेप्टर मेंदूत एकाच जागी नाही ना. चाळीत एका खोलीचा नळ गळतो म्हणून टाकीखालचा कॉक बंद केला की अख्ख्या मजल्याचं पाणी जातं, तसंच. हालचाल सांभाळणाऱ्या भागातही तो अडतो मग हात थरथरतात, पिट्युटरी ग्रंथीत अडला की प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन वाढून बायकांची पाळी चुकते. मावशी रिस्पेरिडोनवर, म्हणजे याच जातीच्या दुसऱ्या गोळीवर, होती तेव्हा बशीत कप असा वाजायचा की न बघता कळायचं, चहा येतोय. साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले की गुण येतो आणि ८० च्या आसपास गेले की थरथर, ताठरपणा, म्हणजे मधली जागा केवढीशी बघा. म्हणून डॉक्टर डोस थोडाथोडा खालीवर करतात आणि आपल्याला वाटतं यांनाच काही कळत नाही.

तुमच्या भावाचं मात्र वेगळं, ओलान्झापिन हिस्टामिन या दुसऱ्या रसायनाचा एच-वन रिसेप्टरपण जोरात अडवते. सर्दीला अविल घेतल्यावर पेंग येते ना, तोच प्रकार, आणि भूक वाढण्यातही त्याचाच हात, जोडीला सेरोटोनिन या आणखी एका रसायनाचा एक रिसेप्टर आहेच. झटकन उठल्यावर चक्कर येत असेल तर ती अल्फा-वन हा रक्तवाहिन्यांवरचा रिसेप्टर अडल्यामुळे, उभं राहताना रक्तवाहिन्या वेळेत आवळत नाहीत आणि बीपी पडतं.

गोळी मनाने बंद करू नका, 'बरा झालाय आता, अर्धीच स्ट्रिप द्या' म्हणणारी माणसं चार महिन्यांनी कुठल्या अवस्थेत परत येतात ते मी बघतो. वजन, कंबर, साखर, कोलेस्टेरॉल मोजून ठेवा आणि डॉक्टरला आकडे दाखवून विचारा, वेळ बदलायची का, दुसरी गोळी चालेल का. मावशीलापण नंतर ओलान्झापिनच लावली. आणि डबे वरच्या फळीवर ठेवून काही होत नाही, आम्ही करून बघितलं, ती स्टूल घेऊन चढली.