येऊरचा उतार आणि गुडघा

प्रश्न: ताई, सकाळी ठाण्यात उपवनवरून येऊरच्या डोंगरावर धावत जाते, चढताना काही नाही पण उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. शूज बदलू का?

उत्तर: अगं शूज नंतर, आधी पाऊल कुठे पडतंय ते बघ. उतारावर आपण नकळत लांब ढांगा टाकतो, मागे झुकतो, मग टाच शरीराच्या खूप पुढे आपटते आणि सगळा ब्रेक गुडघ्यावर बसतो. त्यापेक्षा पावलं छोटी आणि पटापट टाक, मिनिटाला 160 पडत असतील तर 170 कर, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल शक्यतो कमरेच्या सरळ रेषेत खालीच पडू दे, पुढे नाही. खांदे सैल. धप्प धप्प आवाज कमी झाला की समज जमतंय. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर मात्र धावणं थांबव आणि ऑर्थोपेडिकला दाखव, प्लीज.