नवऱ्याचे पणजोबा नॉर्वेहून मिनेसोटात आलेले, आता तिकडे पत्रमित्र कसा शोधायचा?

नुसता 'नॉर्वेत पेनपाल हवा' म्हणून शोधू नका, आधी पणजोबांच्या शेताचं नाव काढा आणि मग त्या भागातल्या हिस्टोरिलाग म्हणजे स्थानिक इतिहास मंडळाला ईमेल टाका, तिथूनच कुणीतरी लिहिणारं भेटायची शक्यता जास्त. कारण असं की कायमचं आडनाव सक्तीचं करणाऱ्या 1923 च्या कायद्याआधी तिकडे खेड्यात बऱ्याच जणांना कायमचं आडनाव नसायचं, ओलेचा मुलगा तो ओल्सेन आणि त्यापुढे राहतो त्या शेताचं नाव, शेत बदललं की नावही बदललं. त्यामुळे ओल्सेन शोधत बसलात तर हजारो निघतील! शेताचं नाव कुठे मिळेल:

- डिजिटालआर्किव्हे, म्हणजे नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराची वेबसाइट, चर्चची जुनी रजिस्टरं स्कॅन केलेली, फुकट (अक्षर वाचताना डोळे दुखतात)
- बिग्देबोक, म्हणजे त्या त्या भागाची पुस्तकं, शेतावार कोण कोण राहिलं ते
- अमेरिकेतली बिग्देलाग मंडळं, मूळ जिल्ह्यानुसार बनलेली

फक्त एक, शेताचं नाव जुळलं म्हणजे रक्ताचं नातं असं नाही हां, तिथे राहणारे गडीसुद्धा तेच नाव लावायचे, तेव्हा पहिल्याच पत्रात 'आपण नातेवाईक' असं लिहू नका.