कुही-भिवापूरच्या वाटेवर निघण्याआधी

नागपूर

प्रिय बेटा,

कुही आणि भिवापूर तालुक्यांत घरोघरी जाऊन कोण बाहेर जातं, पैसा कुठून येतो हे तू विचारणार आहेस. तुझी प्रश्नावली वाचली. 'घरातून कोणी स्थलांतर केलं आहे का?' हा प्रश्न खोडून टाक. गावात हा शब्द कोणी स्वतःसाठी वापरत नाही. 'यंदा मिरचीवर कोण गेलं होतं?' असं विचार, मग घर बोलायला लागेल.

माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मी एका घरी ऑगस्टमध्ये गेलो. रोवणी सुरू होती, सगळी माणसं हजर. मी 'नाही' लिहून पुढे गेलो. मार्चमध्ये त्याच घरी फक्त म्हातारी आणि दोन नातवंडं होती. बाकीचे तेलंगणात, खम्ममकडे मिरची तोडायला. तो 'नाही' मला अजून टोचतो.

जनगणना आधीच्या वास्तव्याचं ठिकाण विचारते. दोन-तीन महिने जाऊन परतणारा माणूस तिच्या जाळ्यातून निसटतो. २००७-०८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात अशांची वेगळी व्याख्या होती: वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला. तू तीच धर; मात्र पंधरा दिवसांहून जास्त पण महिन्याहून कमी काळ गेलेल्यांची नोंदही वेगळी ठेव. बायकांच्या बाबतीत तर फार जप. सासरी आल्या म्हणून त्यांच्यापुढे कारण 'लग्न' एवढंच लिहिलं जातं, आणि सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या-खुडायच्या आवारात, दिवसभर मिरची खुडणारी तीच बाई कमावती म्हणून कुठेच दिसत नाही.

पैशाबद्दल 'किती' विचारण्याआधी 'कधी' विचार. ठेकेदाराकडून उचल घेतली होती का? कशासाठी? उचल आधीच खर्चलेली असेल तर परतताना हातात येणारी रक्कम म्हणजे पूर्ण मजुरी नव्हे. सोबत मिरची आणली असेल तर तिचीही किंमत धर. नागपूरला कामाला असलेला मुलगा पैसे पाठवतो, पण इकडून त्याला तांदूळ जातो, तेही लिही. पैसा दोन्हीकडून वाहतो.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात शेत गेलेल्या घरांसाठी वेगळं पान ठेव. मोबदल्याची रक्कम उत्पन्नाच्या रकान्यात मुळीच टाकू नकोस. शेत गेलं, त्याची ती किंमत आहे. पुढच्या हंगामाला ती परत येत नाही.

आणखी एक. नागपूरहून जाणारी इतवारी-नागभीड छोटी रेल्वे २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. आधी रोज ये-जा करणारं कोणी त्यानंतर शहरात खोली करून राहिलं का, हे उमरेडपलीकडच्या प्रत्येक गावात विचार.

दुपारी जाऊ नकोस, माणसं कामावर असतात. दिवेलागणीला जा, आणि वही उघडण्याआधी पाणी घे. पहिली दहा घरं झाली की ये, आपण सोबत बसून वाचू.

तुझा,
काका