“बारावी सायन्स, ७८ टक्के, आणि म्हणते मढी उकरायचीत”

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचून हसूही आलं आणि तुमची काळजीही कळली. मुलगी कॉलेजच्या ट्रिपला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघून आली आणि तेव्हापासून आर्किऑलॉजीच (पुरातत्त्व) करायची म्हणते, आणि तुम्ही विचारताय की जुनी हाडं उकरून पोट भरतं का, शिवाय घरात आजी म्हणतात हे अशुभ. तुम्ही शिरूरचे, म्हणजे इनामगाव तुमच्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी! तिथे १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं, बार्ली पिकवणारं, पाटाने पाणी नेणारं.

आजींना सांगा, ते लोक मेलेल्या लहान मुलांना गावाबाहेर टाकत नव्हते, राहत्या घरात जमिनीखालीच पुरायचे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, शेजारी छोटा वाडगा नि तोटीचं भांडं. मोठ्या माणसांना सरळ झोपवायचे पण बहुतेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले, का ते ठामपणे कुणी सांगू शकत नाही, भूत होऊन पळू नये म्हणून असावं असा अंदाज. आणि एक माणूस मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला, पाय शाबूत, तेही गावातल्या मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. मुलीला नेमकं हेच भावलं असणार.

आता कामाचं. असं मडकं सापडलं की कुदळ बाजूला, मग बांबूची काडी, ब्रश, दातांच्या डॉक्टरांची हत्यारं, पहिले काही दिवस नुसती माती सरकवायची, दर टप्प्याला फोटो, ड्रॉइंग, मापं. आतली माती चाळून दुधाचे दात शोधायचे कारण बाळाचं वय दातांवरून कळतं. ट्रेंचमध्ये (खोदलेल्या चरात) उन्हात उकिडवं बसून आठवडाभर हेच, आणि संध्याकाळी कॅम्पवर खापरं धुवायची, नंबर टाकायचे. सोनंनाणं विसरा. हे तिला आवडतंय का, एवढाच खरा प्रश्न, टक्क्यांचा नाही.

माझं स्पष्ट मत: सायन्स सोडू नका! बीएस्सी करू दे, झूलॉजी, बॉटनी किंवा जिऑलॉजी, मग डेक्कन कॉलेजमध्ये एम.ए., तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. हाडं, दाणे, माती वाचणारी माणसं या क्षेत्रात कमी आहेत आणि आर्ट्सवाल्या मुलांना तेच जड जातं. इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे यांनी अमेरिकेच्या जॉन लुकाच यांच्यासोबत केला, तो असाच शरीरशास्त्राच्या बळावर. बडोदा, नागपूरलाही डिपार्टमेंट आहे, आणि पुढे ग्रेटर नोएडाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या (केंद्र सरकारचं खातं) इन्स्टिट्यूटचा दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा, तिथे विद्यावेतन मिळतं.

नोकरीचं मात्र गोड बोलणार नाही. सर्वेक्षणात यूपीएससीतून पदं निघतात पण निघतील तेव्हा, राज्याच्या पुरातत्त्व खात्यात जागा मोजक्या, बाकी नेट-जेआरएफ (प्राध्यापकी आणि संशोधनाच्या फेलोशिपसाठीची परीक्षा), पीएचडी, म्युझियम, कंत्राटी प्रोजेक्ट. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत स्थिर पगार नसू शकतो. हे तुम्हाला झेपत असेल तर हो म्हणा, नसेल तर तिला आत्ताच सांगा, पीएचडीच्या मध्यात “लग्नाचं काय” काढू नका (हे मी फार पाहिलंय). परदेशातल्या मास्टर्ससाठी जमीन गहाण ठेवायची तर अजिबात गरज नाही, स्कॉलरशिप मिळाली तरच.

एक ताकीद. तुमच्या शिवारात पांढरीचं टेकाड (जुन्या वस्तीचं) असेल तर तिने स्वतः खणू नये, परवानगीशिवाय उत्खनन बेकायदा आहे. फोटो काढावा, कुठे दिसलं ते लिहून ठेवावं, खापर जागच्या जागी.

उत्खननं बहुतेक पावसाळा संपल्यावर ते उन्हाळ्यापर्यंत चालतात. तेव्हा दिवाळीच्या आधीच डेक्कन कॉलेजच्या विभागात तिनेच (तुम्ही नाही) ईमेल करावा, यंदा कुठे साइट चालू आहे, स्वयंसेवक म्हणून आठ-दहा दिवस येता येईल का. राहायची सोय कशी, मुलींची व्यवस्था काय, हेही त्याच मेलमध्ये विचारावं. परत आली की पुन्हा लिहा, मग कॉलेजचे फॉर्म बघू.