लहान मुलांसाठीच्या जुन्या जपानी रोबो मालिका म्हणजे नुसत्या खेळण्यांच्या जाहिराती होत्या का? आज मुलांबरोबर पाहायच्या तर कुठून सुरुवात करावी?

आधी क्रम सांगतो. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर पहिली ‘रायजिन-ओ’ (१९९१), मग ‘एक्सकायझर’ (१९९०), त्यानंतर ‘जे-डेकर’ (१९९४). ‘गाओगायगार’ (१९९७) मूल दहाच्या पुढे गेलं की लावा. कुठल्या यादीत ‘झांबॉट ३’ (१९७७) लहान मुलांची म्हणून दिसली तर फसू नका. चित्रं गोंडस आहेत, पण त्यात पकडलेल्या माणसांच्या शरीरात बॉम्ब बसवले जातात आणि ते फुटतातही.

आता जाहिरातींचा मुद्दा. होत्याच त्या जाहिराती. पैसा खेळणी कंपनीचा असायचा, आणि कोणतं वाहन कोणत्या रोबोत बदलणार, कोण कोणाला जोडला जाणार हे कंपनीच्या सोयीने ठरायचं. पटकथाकाराला त्यात गोष्ट बसवावी लागे. तरीही सगळ्या मालिका एका मापाच्या नाहीत. त्यांची प्रत ओळखायची माझी कसोटी साधी आहे: गोष्टीतल्या मुलाला नेमकं काम काय दिलंय? त्याला काढून टाकलं तर लढाई अडते का?

सुरुवात ‘तेत्सुजिन २८’पासून. मित्सुतेरू योकोयामांची ही चित्रकथा १९५६ ची, अॅनिमेशन १९६३ चं. शोतारो हा मुलगा, आणि त्याच्या हातात महाकाय रोबोचा रिमोट. रोबोला स्वतःचं मन नाही. रिमोट ज्याच्या हाती त्याचं तो ऐकतो. त्यामुळे रिमोट चोरीला जाणं हाच कथेचा कायमचा धोका. इथे मुलाशिवाय पान हलत नाही.

१९७२ च्या डिसेंबरात ‘माझिंगर झी’ आली आणि नायक रोबोच्या डोक्यात जाऊन बसला. पण हा नायक, कोजी काबुतो, मोठा मुलगा होता. प्राथमिक शाळेच्या वयाचा त्याचा भाऊ शिरो बाजूला उभा राहून ओरडण्यापुरता उरला. पुढची पंधराएक वर्षं बहुतेक मालिकांत लहान मुलाचं स्थान हेच. खेळणी मात्र या काळात झपाट्याने सुधारली. पॉपी कंपनीने १९७४ मध्ये जस्ताच्या मिश्रधातूचा ‘चोगोकिन’ माझिंगर काढला. हातात घेतल्यावर जाणवणारं त्याचं वजन मुलांना भावलं. त्याच वर्षीच्या ‘गेटर रोबो’त तीन विमानं एकमेकांत अक्षरशः वितळून रोबो होतो, ते चित्रात शक्य, धातूत अशक्य. १९७६ च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’मध्ये ही अडचण सुटली. पाच वाहनं पडद्यावर जुळतात तशीच हातातही जुळायला लागली. यापुढे रोबोचं रूपांतर आधी खेळण्यात चाललं पाहिजे, मगच पडद्यावर, असा दंडक पडत गेला.

१९७९ ची ‘गुंडम’ ५२ भागांची ठरली होती, ४३ भागांत गुंडाळली, कारण प्रायोजक क्लोव्हरची खेळणी खपेनात. पुढे जुलै १९८० मध्ये बांदाई या दुसऱ्या खेळणी कंपनीने ३०० येनची प्लास्टिक मॉडेल्स आणली आणि ती उचलली कोणी, तर थोड्या मोठ्या मुलांनी. धंद्याची नजर तिकडे वळली. सात-आठ वर्षांच्या प्रेक्षकाची जागा हळूहळू रिकामी होत गेली, आणि १९९० च्या आसपासचा जो बहर दिसतो तो या रिकाम्या जागेतला आहे.

पहिली नांगरणी केली ‘माशिन हीरो वातारू’ने (एप्रिल १९८८). चौथीतला वातारू चित्रकलेच्या तासाला मातीचा रोबो बनवतो आणि तोच दुसऱ्या जगात र्‍युजिनमारू होऊन त्याच्याशी बोलतो. मालिकेची रचना त्या वेळच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्रावरच्या भूमिकाप्रधान खेळांसारखी: पर्वताचे सात थर, प्रत्येक थराचा मालक हरवायचा, मग वर. त्यातला शिबाराकू नावाचा सामुराई आपला रोबो सार्वजनिक फोनवरून बोलावतो. असले विनोद आजही मुलांना खिदळवतात. ताकारा या खेळणी कंपनीने यासाठी मोठ्या डोक्याचे, बुटके, स्प्रिंगवर चालणारे जोडणीचे संच काढले होते.

याच ताकाराने पुढची पायरी गाठली. त्यांच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या खेळण्यांतूनच हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ उभे केले होते. जपानमधल्या ट्रान्सफॉर्मर्स मालिकांचा जोर ओसरल्यावर ताकाराने सनराईझ स्टुडिओबरोबर स्वतःची मालिका सुरू केली. ३ फेब्रुवारी १९९० ला ‘एक्सकायझर’ लागली आणि ‘युशा’, म्हणजे शूरवीरांची, आठ मालिकांची साखळी चालू झाली: एक्सकायझर, फायबर्ड, दा-गार्न, माइट गाइन, जे-डेकर, गोल्डरान, दॅग्वॉन, गाओगायगार. वर्षाला एक. पहिल्या तिन्हींचे दिग्दर्शक कात्सुयोशी याताबे, पुढच्या तिन्हींचे शिंजी ताकामात्सु.

एक्सकायझर हा परग्रहावरचा पोलीस, शरीर नसलेला. तो कोता नावाच्या शाळकरी मुलाच्या घरच्या गाडीत शिरतो. कोता काहीच चालवत नाही. त्याच्याकडे बोलण्यापुरतं मनगटी यंत्र आहे आणि एक गुपित आहे. पण एक्सकायझरला पृथ्वीवरच्या गोष्टी कळत नाहीत, त्या समजावून सांगणं हे कोताचं काम. माझ्या कसोटीवर हे पास, काठावर.

इथल्या जोडणीकडे नीट पाहा, कारण पुढच्या सात वर्षांचा साचा हाच. गाडीचा छोटा रोबो होतो. मोठा ट्रेलर उभा राहून धड, हात, पाय होतो. छोटा रोबो घडी होऊन त्याच्या छातीत जातो: किंग एक्सकायझर. मग ड्रॅगन जेटचा दुसरा मोठा रोबो होतो, आणि त्याचे भाग सुटून किंगवर चिलखतासारखे चढतात: ग्रेट एक्सकायझर. प्रत्येक पायरी म्हणजे दुकानातला वेगळा खोका. वेळापत्रकही त्याला धरून: मुख्य रोबो हंगामाच्या सुरुवातीला, साथीदार त्यानंतर, दुसरा मोठा रोबो मध्यावर, आणि महाजोडणी अशा बेताने की ख्रिसमसला सगळे खोके एकत्र मागितले जावेत. मधल्या काही भागांत गोष्ट एकदम थांबून नव्या वाहनाचीच आरती चालली आहे असं वाटलं, तर कारण हे.

जोडणीचं दृश्य दर भागात तेच ते का येतं, हेही लोक विचारतात. ते दृश्य एकदाच भरपूर चित्रं काढून केलं जातं आणि जपून ठेवून वर्षभर वापरलं जातं. धंद्यात त्याला ‘बँक’ म्हणतात. मिनिटभराचं चांगलं अॅनिमेशन दर आठवड्याला फुकट मिळतं आणि उरलेल्या भागावरचा ताण कमी होतो. मुलाबरोबर पाहताना ते पुढे ढकलू नका. मोठ्यांना कंटाळा येतो, पण मुलं तेवढ्याचीच वाट पाहत असतात.

‘रायजिन-ओ’ वेगळ्या घरची. सनराईझच, पण प्रायोजक टोमी, म्हणजे ताकाराचा प्रतिस्पर्धी. (दोघे २००६ मध्ये एक झाले, हा भाग निराळा.) दिग्दर्शक तोशिफुमी कावासे, ५१ भाग. एल्ड्रान नावाचा प्रकाशयोद्धा शाळेवर कोसळतो आणि जाताना पाचवी ‘क’सारख्या एका अख्ख्या वर्गाच्या, अठरा मुलांच्या, गळ्यात पृथ्वीचं रक्षण टाकून जातो. धोक्याची घंटा झाली की बाकं खाली सरकून नियंत्रणकक्षाची टेबलं होतात, शाळेची इमारत उघडते, तीन रोबो बाहेर पडतात: माणसासारखा केन-ओ, सिंह जू-ओ, पक्षी हो-ओ. तिघे मिळून रायजिन-ओ. तिघे चालवतात आणि पंधरा जण वर्गात बसून मोहीम सांभाळतात. हुकूम सोडते ती मारिया, वर्गप्रमुख मुलगी. एक्सकायझरमध्ये मुली कडेलाच आहेत, तेव्हा एका वर्षात पडलेला हा फरक लहान नाही.

राक्षस कसे जन्मतात तेही ऐका. शत्रूने सोडलेला गोळा, कोणीतरी एखाद्या गोष्टीला वैतागून ‘काय हा ताप!’ म्हटलं की, त्याच गोष्टीचा राक्षस होऊन उठतो. कचरा, गोंगाट, काहीही. त्यामुळे प्रत्येक भाग मुलांच्या खऱ्या कटकटीतून सुरू होतो आणि पटकथाकाराला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. मूल नवखं असेल तर ही मालिका आधी दाखवा म्हणतो ते यासाठी: भाग सुटे आहेत, पहिला पाहिला की कुठलाही लावता येतो. तोटा असा की मधले दहाएक भाग एकाच चालीचे आहेत. याच घरच्या पुढच्या दोन मालिकांपैकी ‘गांबारुगर’मध्ये (१९९२) गुपित फुटलं तर मुलं कुत्री होतील असा शाप आहे. ‘गोसॉरर’मध्ये (१९९३) शाळेची इमारतच यांत्रिक डायनासोर होते आणि सहावीचा सगळा वर्ग आत बसून लढतो. मला ‘गोसॉरर’ जास्त आवडते, पण सुरुवातीला ती नको.

‘जे-डेकर’मध्ये कसोटीचं उत्तर सर्वांत नेटकं मिळतं. चौथीतल्या युताला पोलिसांचा रोबो डेकार्ड बनतो ती गुप्त जागा सापडते. तो रोज त्याच्याशी बोलायला जातो. त्या बोलण्यामुळे यंत्रात मन तयार होतं. कामावर रुजू करण्याआधी आठवणी पुसल्या जातात, तरी डेकार्डला युता आठवतो, आणि पोलीस खातं त्या मुलालाच पथकाचा प्रमुख नेमतं. कल्पना वेडगळच. पण मालिका ती गंभीरपणे घेते: यंत्राला भीती वाटू शकते का, हुकूम चुकीचा असेल तर काय करायचं. दहा वर्षांच्या मुलाशी यावर चर्चा होते.

‘गाओगायगार’मध्ये युद्ध मोठी माणसं करतात. ‘फायनल फ्यूजन’ला, म्हणजे रोबोच्या जोडणीला, प्रमुखाची मंजुरी लागते आणि मग पथकातली मिकोतो मुठीने काच फोडून कळ दाबते. मुलाचं, तिसरीतल्या मामोरूचं, काम लढाई संपल्यावर सुरू होतं. शत्रूचे राक्षस म्हणजे ताणाखाली पिचलेली माणसं. रोबो राक्षसाच्या अंगातून गाभा अख्खा उपटून काढतो, आणि त्या गाभ्याचं पुन्हा माणूस करणं फक्त मामोरूला जमतं. म्हणजे जिंकणं मोठ्यांचं आणि वाचवणं मुलाचं. उत्तरार्ध फार अंगावर येतो, म्हणून वयाची अट घातली. शिवाय जुनं इंग्रजी डबिंग पहिल्या २५ भागांचंच झालं. पुढे उपशीर्षकं वाचावी लागतात, आणि मुलाचा वाचनाचा वेग तेवढा हवा.

जानेवारी १९९८ अखेर ही साखळी थांबली. एकच कारण देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जपानचा जननदर १९८९ मध्येच १.५७ वर आला होता, गिऱ्हाईकच आटत होतं. सनराईझ १९९४ मध्ये बांदाईच्या समूहात गेला, म्हणजे ताकारा आपल्या मालिका प्रतिस्पर्ध्याच्या स्टुडिओत करून घेत होती. बांदाई स्वतः ‘सुपर सेंताई’तले रोबो विकत होती, तिथे माणसं वेष घालून लढतात, हजारो चित्रं काढावी लागत नाहीत. १९९६ मध्ये पोकेमॉन आला आणि मुलांचा खाऊचा पैसा खिशातल्या खेळाकडे गेला. ताकाराने १९९७ च्या ऑक्टोबरात कॅनडात तयार झालेली ‘बीस्ट वॉर्स’ जपानमध्ये आणली, आणि १९९९ मध्ये बेब्लेड, जो एका रोबोच्या तुलनेत बनवायला कितीतरी सोपा.

या घराण्याचा आजचा वारस ‘शिंकालिऑन’ (२०१८). बुलेट ट्रेनचे रोबो, आणि ते चालवायची क्षमता मुलांच्याच अंगात सापडते, म्हणून मुलांना बसवणं भाग पडतं. नायकाची गाडी ई५. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी मूळ आराखड्यात हीच गाडी धरली होती, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना ते हिरवं लांब नाक ओळखीचं वाटू शकतं.

जुनी खेळणी घ्यायचा मोह होईल, तर चार गोष्टी तपासा. पांढरं एबीएस प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळतं, पण पुन्हा पिवळं पडू शकतं आणि ठिसूळ होण्याचा धोका असतो. चंदेरी-सोनेरी मुलामा घासला की निघतो, कापडानेसुद्धा पुसू नका. चमकी मिसळलेलं सोनेरी प्लास्टिक सर्वांत धोक्याचं: ते आतून कमकुवत होतं आणि सांधा फिरवताच तुटतं, म्हणून विक्रेत्याने ‘रूपांतर करून दाखवतो’ म्हटलं तरी करू देऊ नका, सांध्याचे जवळून फोटो मागा. सुटणाऱ्या मुठी, तलवार आणि शिंगं बहुतेकदा हरवलेली असतात, आणि सुटे भाग शोधण्यात अख्ख्या खेळण्याइतका पैसा जातो. मुलाच्या हातात द्यायचं असेल तर जुनं घेऊच नका. माइट गाइन किंवा जे-डेकरचे बांदाईचे ‘एसएमपी’ नावाचे जोडणीचे संच गोंद न लावता जुळतात आणि खरोखर जोडले जातात. जुनं घेतलंच, तर रबरी टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. वर्षानुवर्षं टेकून राहिले की ते शेजारच्या प्लास्टिकला खड्डा पाडतात, आणि तो भरून निघत नाही.